कोरेगावचे ‘कारगाव’ होताना

गेल्या वर्षी माझ्या मामांचे वर्षश्राद्ध झाले. मामा कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवत होते. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी कोरेगावातील एका मंगल कार्यालयात स्मरणसभा ठेवली होती. सभेच्या आरंभी अडीच मिनिटांची एक ध्वनिचित्रफीत दाखवण्यात आली. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी कण तरंगत होते. डावीकडून मामांचे छायाचित्र वेगाने आत आले, चेंडूसारखे दोनदा उसळले आणि किंचित तिरके होऊन थांबले. त्यांचा चेहरा चौकटीच्या मध्यभागी नव्हताच. अर्धा कान आणि खांदा कडेला कापला गेला होता. मग एका अदृश्य रेषेमागून अक्षरे वर आली. ‘भावपूर्ण’मधला रफार आणि दीर्घ ऊकार त्या रेषेआड राहिले आणि पडद्यावर ‘भावपण’ उमटले. ‘श्रद्धांजली’ एकेक तुकडा करत, जणू अडखळत, टंकित झाली. शेवटी स्थळ आले. वरच्या मात्रा कापल्या गेल्यामुळे कोरेगावचे ‘कारगाव’ झाले होते.

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. ते हसणे दुष्टपणाचे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर मुलांच्या वह्यांत लाल शाईने मात्रा घातल्या, त्याच्याच स्मरणसभेत मात्रा गळाव्यात, ही गोष्ट मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी ती फीत जिथे तयार झाली त्या दुकानात मी गेलो. खरे सांगायचे तर भांडायलाच गेलो होतो.

दुकान लहान होते. फ्लेक्सचे फलक, लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा, यात्रेची जाहिरात आणि अलीकडे मोबाइलच्या स्टेटसवर ठेवायच्या छोट्या फिती, अशी सगळी कामे तिथे होत. चालवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. त्याने काहीही लपवले नाही. संगणकावर मूळ फाइल उघडून म्हणाला, “सर, हे टेम्प्लेट असतं. फोटो बदलायचा, नाव बदलायचं, रेंडर मारायचं. बाकीचं त्यात असतंच.” त्याच टेम्प्लेटवर आदल्या आठवड्यात त्याने एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची फीत केली होती. मामांचे छायाचित्र चेंडूसारखे का उसळले, याचे उत्तर मला मिळाले.

भांडण तिथेच संपले आणि विचार सुरू झाला. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो. विषय मोशन ग्राफिक्सचा, म्हणजे चित्र, अक्षर आणि आकार यांना गती देऊन केलेल्या रचनेचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटेल. पण माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न तंत्राचा जितका आहे तितकाच छंदाचा आणि रूपांतराचा आहे, आणि म्हणून तो आपलाही आहे.

आपल्या वर्तुळात अशा वेळी एक ठरलेली प्रतिक्रिया येते. साचेबद्धता वाढली, सर्जनशीलता संपली, एकच साचा घेऊन सगळ्यांचे जन्म आणि मृत्यू त्यात ओतले जातात, वगैरे. मीही दुकानाच्या पायऱ्या चढताना हेच घोकत होतो. पण जरा थांबून पाहिले तर ही तक्रार आपल्याच परंपरेवर उलटते. उखाणा म्हणजे काय? तयार दोन ओळी आणि त्यात एक रिकामी जागा; प्रत्येक नववधू त्या जागी आपल्या नवऱ्याचे नाव ठेवते. जात्यावरची ओवी म्हणजे काय? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या चाळताना दिसते की तीच उपमा, तोच ओळीचा उतार पुन्हा पुन्हा येतो. बदलतो तो भाऊ, बदलते ती लेक, बदलते ते गाव. अल्बर्ट लॉर्ड यांनी 1960 साली ‘द सिंगर ऑफ टेल्स’मध्ये दाखवून दिले की मौखिक महाकाव्य रचणारा गायक ठरीव शब्दबंधांच्या आधारानेच गात असतो. साचा ही प्रतिभेची उणीव नसून तिची भांडवली ठेव असते. तेव्हा कोरेगावच्या त्या मुलाने साचा वापरला, यात काही पाप नाही. पापाचा शोध दुसरीकडे घेतला पाहिजे.

उखाणा घेणाऱ्या बाईकडे पुन्हा पाहू. नवऱ्याचे नाव दोन अक्षरी असेल तर ओळ एका चालीने जाते. नाव पाच अक्षरी असेल तर ती नावाआधीचा एखादा शब्द गाळते, किंवा एखादा स्वर आखडता घेते, किंवा नावावर येण्यापूर्वी क्षणभर थांबते. हे तिला कोणी शिकवलेले नसते. ओवी गाणारी तर जात्याच्या फेऱ्यावरच ओळ तोलते. नाव लांबले की शेवटचा आलाप आपोआप आखूड होतो. म्हणजे मौखिक परंपरेत दोन क्रिया एकत्रच घडतात. एक, आशयाची अदलाबदल. दुसरी, त्या अदलाबदलीमुळे बिघडलेल्या चालीची दुरुस्ती. दुकानातल्या फितीत पहिली क्रिया झाली होती, दुसरी झालीच नव्हती. नाव बदलले की चाल बदलावी लागते, एवढे एक सूत्र मला या प्रकरणातून मिळाले, आणि बाकीचा लेख हा त्या सूत्राचा विस्तार आहे.

प्रथम चित्राची गोष्ट. ‘आफ्टर इफेक्ट्स’सारख्या आज्ञावलीत ऑल्ट कळ दाबून नवे छायाचित्र जुन्या थरावर ओढले की चित्र बदलते आणि गती जशीच्या तशी राहते. सोय मोठी आहे. पण ती गती एका अँकर पॉइंटभोवती बांधलेली असते. चित्र कोणत्या बिंदूभोवती फिरेल, वाढेल, झुकेल ते या बिंदूवर ठरते. मूळ छायाचित्र आडवे आणि मोठे, मामांचे छायाचित्र उभे आणि लहान. बिंदू मात्र जुन्याच मापाने जिथल्या तिथे राहिला. त्यामुळे चेहरा कडेला ढकलला गेला आणि चित्र आपल्या मध्याभोवती न फिरता कुठल्या तरी खांद्याभोवती फिरले. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: बिंदू नव्या चित्राच्या मध्यावर, खरे तर चेहऱ्यावर, आणून ठेवायचा. पण तो करायचा हे सुचण्यासाठी आधी चूक दिसावी लागते.

दुसरी गोष्ट अक्षराची, आणि ती आपल्या अधिक जवळची. बाजारात मिळणारी बहुतेक टेम्प्लेट्स रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात. मोठ्या लिपीतली रोमन अक्षरे एका उंचीची आणि एकमेकांपासून सुटी. त्यांच्याभोवती जी अदृश्य खिडकी बांधली जाते ती त्याच उंचीची. देवनागरीचे घर मात्र तीन मजली आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, वेलांटीचे वळण. खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. खिडकी एकमजली राहिली की वरचे आणि खालचे मजले कापले जातात. ‘भावपूर्ण’चे ‘भावपण’ आणि कोरेगावचे ‘कारगाव’ असे होते. इंग्रजी शीर्षकांची आणखी एक लाडकी चाल म्हणजे अक्षरांमधले अंतर सावकाश वाढवत नेणे. चित्रपटांच्या नामावलीत ती फार भारदस्त दिसते. देवनागरीत तीच चाल लावली की शिरोरेषा तुटते. पताकांची दोरी मध्येच तुटून प्रत्येक पताका वेगवेगळी लोंबावी तसा शब्द लोंबू लागतो. शिरोरेषा हा आपल्याकडे अलंकार नव्हे. ती शब्दाची सीमा सांगते.

तिसरी अडचण अधिक खोल आहे. ‘श्रद्धांजली’ या शब्दात अक्षरे किती? कोणताही शाळकरी मुलगा सांगेल की चार: श्र, द्धां, ज, ली. संगणकाच्या हिशेबी मात्र युनिकोडमध्ये ती अकरा चिन्हे आहेत: श, हलन्त, र, द, हलन्त, ध, काना, अनुस्वार, ज, ल आणि दीर्घ वेलांटी. ‘एकेक अक्षर टंकित होत जावे’ अशी आज्ञा जिथे या चिन्हांवर चालते, तिथे शब्द चार पावलांत न येता अकरा ठेचा खात येतो. ह्रस्व इकाराची तऱ्हा तर निराळीच. युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर साठवला जातो आणि दिसतो व्यंजनाच्या आधी. त्यामुळे ‘किरण’ टंकित होताना आधी क येतो आणि मग वेलांटीला जागा देण्यासाठी तो उजवीकडे सरकतो. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत, जे अजूनही छपाईच्या दुकानांत सर्रास वापरले जातात, वेलांटी आधी टंकली जाते. तिथे ती एकटीच उडत येते आणि क्षणभर बिनअक्षराची उभी राहते. रोमन लिपीत सुटा करता येणारा घटक आणि डोळ्यांना दिसणारे अक्षर साधारण एकच असतात. देवनागरीत तसे नाही. ‘अक्षर’ या शब्दाचा एक अर्थ ‘न झरणारे’ असा आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पडद्यावर ते डोळ्यांदेखत झरते, आणि आपण पाहत बसतो.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. संगणकावर देवनागरी सुडौल उमटावी यासाठी मराठी माणसांनी मोठे काम केले आहे. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज प्रणालीबरोबर घराघरांत गेला. कमल शेडगे यांनी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या शीर्षकांना अक्षरांतूनच व्यक्तिमत्त्व दिले. पण हे मुख्यतः स्थिर अक्षराचे काम होते. चालत्या अक्षराचा असा विचार आपल्याकडे फारसा रुजलेला दिसत नाही, आणि आजचा वाचक तर चालते अक्षरच अधिक वाचतो.

आता गतीकडे वळू. ॲनिमेशनमध्ये पूर्वी प्रमुख चित्रकार मुख्य स्थिती काढी आणि मधल्या चौकटी साहाय्यक भरत. आता त्या संगणक भरतो. कोरेगावहून रहिमतपूरमार्गे औंधला जाता येते. तिथले संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ 1916 सालचे. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी हिरिरीने केला आणि त्यावरच्या पुस्तकांत नमस्काराच्या एकेका स्थितीचे चित्र दिले. त्या पानांवर मुख्य स्थिती सगळ्या आहेत. मात्र एका स्थितीतून दुसरीत कसे जायचे, श्वास कुठे घ्यायचा, कुठे रेंगाळायचे, हे साधकाच्या अंगात असते. दहा जण त्याच स्थितींतून जातात आणि दहांचे नमस्कार वेगळे दिसतात. मधले अंतर संगणकाच्या हवाली केले की तो ते एकसारख्या वेगाने कापतो, किंवा टेम्प्लेट रचणाऱ्याने ठरवून दिलेल्या वेगाने. ॲनिमेशन परिष्कृत करणे म्हणजे मुख्यतः हा मधला वेग आपल्या हातात परत घेणे.

आणि वेगाला अर्थ असतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी. आपल्या वृत्तांची नावेच पाहा. मंदाक्रांता म्हणजे हळू पाऊल टाकणारी. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाची क्रीडा. द्रुतविलंबिताचे तर नावच एक आलेख आहे: आरंभी तीन लघू अक्षरांची धाव आणि पुढे गुरूंनी आवरत आणलेला वेग. ॲनिमेशनची मंडळी ज्याला ‘ईज’ म्हणतात, म्हणजे वस्तूने वेगाने निघून हळूहळू थांबणे किंवा हळू निघून वेग घेणे, ते याहून फार वेगळे नाही. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 साली डिस्नीच्या ॲनिमेशनची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. त्यांत याच मंद आरंभाला आणि मंद विरामाला स्वतंत्र स्थान आहे. चेंडूसारखे उसळणे हेही एक वृत्तच म्हणायचे. ते बारशाला शोभते, वाढदिवसाला शोभते. मृत्युलेखाला ते लावणे म्हणजे विलापिका उडत्या चालीवर म्हणण्यासारखे आहे. शब्द सारे बरोबर असतील, पण म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ कळला नाही हे ऐकणाऱ्याला तत्क्षणी कळते. मागच्या रांगेतला माणूस म्हणूनच हसला.

रूपांतराचा एक धडा आपल्याच मुलखात आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’वरून ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केले. मर्फीने कथावस्तू मोलिएरच्या 1660 सालच्या नाटकावरून घेतलेली. देवलांच्या नाटकाला पुढे संगीत रूप मिळाले आणि 1916 साली ते ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. गंमत अशी की या नाटकाचा सगळा गुंता एका तसबिरीवरून होतो: ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि पाहणारा त्यावरून भलताच अर्थ काढतो. पण मला इथे अधिक महत्त्वाचे वाटते ते देवलांचे काम. इंग्रजी पात्रांना मराठी नावे दिली आणि झाले, असे त्यांनी केले नाही. बोलण्याची लय बदलली, मत्सराची भाषा बदलली, पदे आल्यावर प्रसंगांचा काळ बदलला. म्हणून एका शतकानंतरही ते नाटक मराठी वाटते. त्यांनीही तसबीर बदललीच होती. पण बदलल्यावर संपूर्ण चाल पुन्हा बसवली. अनुवाद आणि रूपांतर यांवर आपण वर्गात तास घेतो, ते याच मुद्द्यावर. मग तोच मुद्दा पडद्यावर आला की तो ‘तांत्रिक’ कसा होतो?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दुकानातल्या मुलाला एका फितीचे काही शे रुपये मिळतात. गिऱ्हाईक सकाळी छायाचित्र पाठवते आणि संध्याकाळी फीत मागते. परिष्करणाचे पैसे कोण देणार? मी त्या मुलाला हे विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, आजवर कुणी परत पाठवलीच नाही. तुम्ही पहिले.” या वाक्याने मी खजील झालो. मामांच्या सभेत मराठीचे निदान पाच शिक्षक बसले होते. फीत सभेआधी त्यांतल्या दोघांच्या मोबाइलवर आली होती. त्यांनी तारीख तपासली, नावाचे शुद्धलेखन तपासले आणि ‘छान’ म्हणून कळवले. शुद्धलेखन फाइलमध्ये अचूकच होते. मात्रा टंकलेल्या होत्या, त्या फक्त दिसत नव्हत्या. आपण मजकूर तपासतो, पडदा वाचत नाही. छापील पानाचे मुद्रितशोधन करण्याची शिस्त आपल्याला आहे. चालत्या पानाचे मुद्रितशोधन ही कल्पनाच आपल्याकडे नाही. दोष वाटायचाच तर त्यातला मोठा वाटा आपल्या पदरी येतो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्याचा आनंद मलाही आहे. त्या निमित्ताने शिलालेख, ताम्रपट आणि हस्तलिखिते यांची चर्चा होते, ती व्हावीच. पण मराठी आज सर्वाधिक संख्येने कुठे वाचली जात असेल तर ती हातातल्या काचेवर, दोन-तीन सेकंदांपुरती, हलत्या अक्षरांत. तिथे तिचा काना-मात्रा शाबूत राहतो की नाही, हा प्रश्न ताम्रपटाइतकाच भाषेचा आहे. मराठी विभागांनी उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात जाहिरात आणि वृत्तलेखन घेतले. त्यातच एक तास असा असावा की विद्यार्थ्यांनी गावातल्या अशा दुकानात बसावे, एक फीत थांबवून थांबवून वाचावी आणि तिची चाल दुरुस्त करायला हातभार लावावा. त्या मुलांना आपल्यापासून थोडे व्याकरण मिळेल, आपल्याला त्यांच्याकडून काळाचे भान मिळेल. हा सौदा आपल्याच फायद्याचा आहे.

त्या दिवशी मी दुकानात दोन तास बसलो. आम्ही अँकर पॉइंट मामांच्या चेहऱ्यावर आणला. उसळी काढून टाकली; छायाचित्र आता जागचे हलत नाही, फक्त दहा सेकंदांत अगदी थोडे जवळ येते. अक्षरांची खिडकी वर आणि खाली मोकळी केली. एकेक तुकडा टंकित होण्याऐवजी अख्खा शब्द अंधारातून उजळत यावा असे केले. एक अडचण मात्र आधी लक्षात आली नव्हती. टेम्प्लेटमध्ये नाव दोन सेकंद टिकत होते, कारण मूळ नाव दोन शब्दांचे असणार. मामांचे नाव म्हणजे स्वतःचे, वडिलांचे, आडनाव आणि शेवटी ‘गुरुजी’. दोन सेकंदांत ‘गुरुजी’पर्यंत डोळा पोचतच नव्हता. त्या मुलाने स्वतःहून ते पाच सेकंद केले, एकदा चालवून पाहिले आणि मग म्हणाला, “आता म्हणता येतंय.” त्याने ‘वाचता येतंय’ म्हटले नाही, हे मी लक्षात ठेवले आहे.

सभा होऊन गेली होती. दुरुस्त फीत कुठे दाखवायची नव्हती. ती मामींना पाठवली. त्यांनी ती किती वेळा पाहिली ते मी विचारले नाही. त्यांचा एका ओळीचा निरोप आला: आता ते नीट बसलेत. फितीच्या शेवटी स्थळ येते. तिथे दोन्ही मात्रांसह ‘कोरेगाव’ लिहिलेले आहे.